बाळ-बाळंतिणीची मालिश: मावशींसोबतचे आमचे ४० दिवस (सिंहगड रोड, पुणे)

आमची चिऊ आता साडेतीन महिन्यांची झाली. या महिन्यात ओळखीतल्या तिघींनी मला एकच विचारलं, मालिशीला बाई लावायची का, लावली तर शोधायची कुठे, घेतात किती. तिघींना फोनवर तेच तेच सांगितलं, तेही एका हातात पोरगी धरून, म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकते.

आमच्या मावशींना मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा का कापला ते पुढे सांगते. पण त्याच्या आधी एक. मालिशवाली बघताना सगळे विचारतात "हात कसा आहे हो त्यांचा", मीपण तेच विचारलं होतं आणि तिथेच चुकले. हात बहुतेकींचा बराच असतो, वर्षानुवर्षं तेच काम करतात त्या. बघायचं हे असतं की आपण "हे नको" म्हणलं तर ती बाई थांबते का. आमच्याकडे दोघी येऊन गेल्या, एक थांबली नाही, एक थांबली.

पहिलीचं आधी सांगते. माझं सिझर झालं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. आई नाशिकहून आली होती पण तिचे गुडघे पार गेलेत, पाटावर बसून पाय लांब करून बाळाला पायावर घ्यायचं तिला जमणारच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या एवढंसं बाळ हातात घेऊन तीस वर्षं झाली गं, आता भीती वाटते. मग नवऱ्याने ऑनलाइन शोधून एका एजन्सीचं पॅकेज घेतलं, आई आणि बाळ मिळून ४० दिवसांचे ३६,००० रुपये, त्यातले १०,००० ॲडव्हान्स. ट्रेन्ड, व्हेरिफाइड, असं सगळं लिहिलेलं होतं.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी त्या बाईने चिऊच्या छातीला हात घातला. नवीन जन्मलेल्या बाळांची छाती कधीकधी जराशी सुजल्यासारखी दिसते, मुलगी असो नाहीतर मुलगा, पोटात असताना आईची हार्मोन्स बाळाच्या अंगात गेलेली असतात म्हणून, थेंबभर दूधही येतं कधी, आणि काही आठवड्यांत ते आपोआप जातं. दाबायचं नाही, दाबलं तर इन्फेक्शन होऊन गळू होऊ शकतं, हे आम्हाला डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळीच बजावलं होतं. ही बाई दोन बोटांत धरून पिळायला लागली. मी म्हणलं नको, डॉक्टर नाही म्हणालेत. तर म्हणाली "मॅडम, मुलीची जात आहे, आत्ता नाही काढलं तर पुढे त्रास होतो" आणि परत दाबलं. चिऊ जी किंचाळली ना, तसा तिचा आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता, भुकेचं रडणं वेगळं असतं. मला टाक्यांमुळे कॉटवरून पटकन उठता येईना, मी तिथूनच नवऱ्याला ओरडले, त्याने येऊन पोरीला उचललं. बाईला तेव्हाच जायला सांगितलं. एजन्सीवाले म्हणाले दुसरी पाठवतो, आम्हाला नकोच होती. १०,००० मधले ४,००० परत आले, तेही दहा-बारा फोन केल्यावर. पैशाचं जाऊ दे, पण मी तिथे सहा फुटांवर होते आणि माझ्या डोळ्यांसमोर झालं हे, हे मला अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं.

मावशी आल्या आठव्या दिवशी. शेजारच्या सोसायटीतल्या एका ताईंकडे दोन्ही बाळंतपणांना त्याच होत्या, ताईंनीच नंबर दिला. पंचावन्नच्या आसपास वय, मूळच्या बार्शीकडच्या, पीएमपी बसचा पास काढून दिवसाला पाच-सहा घरं करतात. मी दारातच ठरवलं होतं की सगळं आधी स्पष्ट बोलायचं, पण त्यांनीच सुरुवात केली. चप्पल काढली, बाथरूम कुठाय विचारलं, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, अंगठी काढून ब्लाउजमध्ये ठेवली, हातातल्या काचेच्या बांगड्या वर सरकवून त्याच्या खाली रबरबँड लावला, म्हणजे त्या खाली घसरून बाळाला लागायला नको. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणलेत? नाळ पडली का? तेल कुठलं सांगितलंय?" बस, मला तिथेच हलकं वाटलं. नाळ अजून पडली नव्हती, तर म्हणाल्या मग आंघोळ नको, नुसतं पुसून काढू, नाळेला तेल-पावडर काही लावू नका, कोरडी ठेवा. हेच डॉक्टरांनीही सांगितलं होतं. नवव्या दिवशी संध्याकाळी नाळ पडली.

मालिश कशी करायच्या ते जरा नीट सांगते कारण ते बघण्यासारखं होतं. जुनी सुती साडी चौपदरी करून पाटापुढे अंथरायची, पाटावर बसून पाय लांब करायचे आणि चिऊ त्यांच्या नडग्यांवर. खोबरेल तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली, तेल आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायच्या. मोहरीचं तेल डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, बाळाची कातडी नाजूक, पुरळ येतं, त्यांनी एकदाही त्याचा आग्रह केला नाही. सुरुवात कायम तळपायापासून. "येकदम छातीला हात लावला की लेकरू दचकतं, पायापासून गेलं की त्याला कळतं कोणतरी आलंय", असं त्यांचं म्हणणं. मग पिंढऱ्या, मांड्या, हात, छातीवरून दोन्ही खांद्यांकडे, पोटावर घड्याळाच्या काट्यासारखा गोल हात, मग दोन्ही गुडघे दुमडून पोटाशी न्यायचे आणि सोडायचे. चिऊला संध्याकाळी गॅसचा भयंकर त्रास व्हायचा, सहाव्या आठवड्यात तर सात ते दहा नुसतं रडणं चालू असायचं, तेव्हा हे गुडघ्यांचं मी पन्नास वेळा केलं असेल, वारा सरला की पोरगी जरा शांत व्हायची. (संध्याकाळचं हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कमी होतं, डॉक्टरांनी हे सांगितलं नसतं तर मी रोज दवाखान्यात पळाले असते.)

मालिश करताना चिऊ रडायला लागली की मावशींचा हात थांबायचा. नुसता थांबायचा नाही, तळहात तसाच पोटावर ठेवून त्या गप्प बसायच्या, तोंडाने बारीक काहीतरी गुणगुणायच्या, आणि रडं ओसरलं की मग पुढचं. दोनदा असं झालं की रडं थांबलंच नाही, तर त्यांनी सरळ दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिली, "आज तिच्या मनात नाही, पाज हिला". पैसे घेतात म्हणून पूर्ण करायचंच असं काही नाही.

आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायच्या. डोक्यावर पाणी घालताना डावा हात कपाळावर असा आडवा धरायच्या की पन्हळीसारखं पाणी बाजूने जायचं, डोळ्यात-नाकात एक थेंब नाही. पाच-सात मिनिटांत सगळं आटपून कोरडी करून, झबलं घालून बाहेर. टाळूला चमचाभर तेल नुसतं वरून सोडायच्या, दाबायच्या नाहीत. दुपटं गुंडाळताना हात घट्ट पण पाय मोकळे, आधी आई पाय सरळ करून बांधायची, डॉक्टरांनी सांगितलं खुब्यासाठी ते वाईट, पाय दुमडता आले पाहिजेत, मावशींनी दुसऱ्या दिवसापासून तसं केलं. आणि त्यानंतर चिऊ जी झोपायची ती अडीच-तीन तास. रात्री दर दीड-दोन तासांनी उठणाऱ्या बाईला सकाळी सलग अडीच तास म्हणजे काय असतात ते ज्यांनी काढलेत त्यांनाच कळेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर त्यांची आभारी राहीन ती. दहावा दिवस, म्हणजे त्यांचा तिसरा. दिवसा आम्ही लंगोट वापरायचो, डायपर फक्त रात्री. मावशींनी चिऊला घेतलं, लंगोट सोडला, हातात धरून बघितला आणि विचारलं, "सकाळपासून किती झाले?" मी मोजलेच नव्हते. म्हणलं बहुतेक दोन. "आन काल?" आठवेना. म्हणाल्या, "ताई, काल पण मी आले तवा कोरडा व्हता. लेकरू पितंय दिसतंय पण पोटात जात न्हाई. आज मालिश ऱ्हाऊ दे, आधी वजन करून या." मला खरं सांगायचं तर रागच आला, मी दिवसभर तर तिला घेऊनच बसलेली असायचे, चाळीस-चाळीस मिनिटं. तरी गेलो. जन्माचं वजन २ किलो ९००, त्या दिवशी २ किलो ६३०. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच पण दहा ते चौदा दिवसांत ते परत जन्माच्या वजनाला यायला पाहिजे, आणि पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा तरी शू व्हायला पाहिजे. हे कागदावर छापून दिलेलं होतं आम्हाला, फाइलमध्ये होतं, कोणी वाचलंच नव्हतं.

डॉक्टरांनी लॅक्टेशन कौन्सिलरकडे, म्हणजे बाळाला कसं पाजायचं ते शिकवणाऱ्यांकडे, पाठवलं. लॅच, म्हणजे पिताना बाळाची पकड, उथळ होता, चिऊ नुसतं टोक धरत होती, खालचा काळा भाग तोंडात येतच नव्हता, म्हणून मला चिरा आणि तिला दूध नाही. तीन-चार दिवस पाजून झालं की वरून काढलेलं दूध बोंडल्याने घालायचं, प्रत्येक वेळी तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी टेकली का बघायचं. बोंडलं सासूबाईंकडचं, चांदीचं, नवऱ्याचं लहानपणचं, उकळून घेतलं. बाविसाव्या दिवशी वजन ३ किलो २० ग्रॅम. मी वजनकाट्यापाशीच रडले, आणि मावशींना फोन करून आकडा सांगितला, त्या बसमध्ये होत्या, त्यांनी तिथूनच "लई ब्येस" म्हणलं एवढ्या जोरात की फोन कानापासून लांब धरावा लागला.

मतभेद झाले नाहीत असं नाही. धुरी हा पहिला. मावशी आणि माझी आई दोघींचं म्हणणं आंघोळीनंतर शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं, त्याशिवाय बाळंतपण कसलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर बाळाच्या फुप्फुसांना नको, कसलाच. मी मावशींना म्हणलं, त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, पटलं नव्हतं ते दिसत होतं, पण म्हणाल्या "बरं, तुझं लेकरू हाय". दुसऱ्या दिवशी त्यांनीच ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून माझ्या कमरेला शेक दिला, चिऊ दुसऱ्या खोलीत. गुटीचंही तेच. सासूबाईंनी सहाण, वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग सगळं आणून ठेवलेलं, त्यांच्या तीनही पोरांना दिली होती त्यांनी. आम्हाला सांगितलं होतं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही, फक्त व्हिटॅमिन डीचे थेंब रोज ४०० युनिट. मी सासूबाईंना सांगायला घाबरत होते. तेव्हा मावशीच बोलल्या त्यांच्याशी, "आवो आजी, आता डॉक्टर न्हाई म्हणत्यात, मी ज्या घरात जाते तिथं सगळीकडं बंद केलंय." माझं ऐकलं नसतं त्यांनी, मावशींचं ऐकलं. गुटीपाठोपाठ काजळाचा विषयही संपला, काजळात शिसं असू शकतं म्हणून डोळ्यात नको, आता तळपायाला एक तीट लावतो, सगळे खूश.

लसीच्या बाबतीत तर त्या आमच्याहून पक्क्या. बीसीजीचं इंजेक्शन जन्मल्यावर डाव्या दंडाला देतात, महिन्याभराने तिथे बारीक फोड येतो, मला माहीतच नव्हतं, मी घाबरून फोटो काढत बसले होते. मावशी म्हणाल्या ही लस उठलीय, हात लावू नका, तेल नको, मलम नको, आपोआप फुटून खपली धरंल. डॉक्टरांनी फोटो बघून तेच सांगितलं. दीड महिन्याच्या लसी आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात घेतल्या, मोफत मिळतात, दोन्ही मांड्यांवर टोचलं होतं, त्या दिवशी मावशींनी मालिश केलीच नाही, पुढचे दोन दिवस मांड्या सोडून केली.

माझी मालिश तेविसाव्या दिवसापासून सुरू झाली. सिझरवाल्यांनी टाके डॉक्टरांना दाखवून, विचारूनच सुरू करा, आणि पोटावर नाही, मला पाठ, कंबर, पाय, खांदे एवढीच परवानगी होती. पोट साडीने आवळून बांधायचं मावशींच्या मनात होतं, तेही डॉक्टर नको म्हणाल्यावर सोडून दिलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मानेखाली दोन्ही अंगठे ठेवले, पाजताना वाकून वाकून तिथे गाठी झालेल्या, आणि मला रडूच आलं. त्या दिवसांत घरात जो येईल तो थेट पाळण्याकडे जायचा. मला कोणी हातच लावला नव्हता तीन आठवडे, सुई, बीपीचा पट्टा आणि बाळ सोडून. मी उशीत तोंड घालून रडत होते आणि मनात हेच की आई बाहेरून म्हणेल रडू नको, दूध आटेल. मावशींचा हात थांबला नाही. एवढंच म्हणाल्या, "रडून घे बाई, रडल्यानं दूध न्हाई आटत." नंतर तेल पुसताना मात्र त्यांनी नीट चौकशी केली, रोज येतं का रडू, जेवण जातं का, लेकराकडे बघावंसं वाटतं का. माझं आधीच्या दिवसांपेक्षा बरंच कमी होत गेलं होतं. पण ज्यांचं दोन आठवड्यांनंतरही कमी होत नाही, झोप मिळाली तरी झोप लागत नाही, नको नको ते विचार येतात, त्यांनी कृपा करून घरात सांगा आणि डॉक्टरांना सांगा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बाळंतिणीला असं होतंच म्हणून सोडून देऊ नका.

अर्धा मार्क कापला तो वेळेसाठी. साडेनऊ म्हणायच्या आणि कधी दहा, कधी सव्वाअकरा. पाजल्यावर निदान पाऊण तास मालिश करता येत नाही, नाहीतर दूध उलटतं, त्यामुळे त्या उशिरा आल्या की भुकेलं बाळ सांभाळत बसायचं नाहीतर पाजून परत थांबायचं. एका आधीच्या घरातलं बाळ रडकं निघालं की पुढच्या सगळ्यांचं वेळापत्रक कोसळतं, मला कारण कळायचं पण सोसावं मलाच लागायचं. एकदा खोकला असताना तशाच आल्या, मी दारातूनच परत पाठवलं आणि दिवसाचे पैसे देते म्हणलं, त्यानंतर सर्दी-खोकला असला की त्या आपणहून फोन करून सुट्टी घ्यायच्या. हे पैशाचं तुम्हीही आधीच बोलून ठेवा, आजारपणाची सुट्टी कापली की त्या बिचाऱ्या आजारी येणारच.

पैसे: बाळाचे रोजचे ४००, बाळंतिणीचे वेगळे ४००. चिऊचे ४० दिवस आणि माझे २५, मिळून २६,०००. रोजचे रोज द्यायला सांगितले होते, यूपीआय नको, रोख. शेवटच्या दिवशी आईने ओटी भरली, साडी घेतली होती, मोतिया रंगाची, त्यांना हवी तशी.

शेवटचा आठवडा आम्ही वेगळा वापरला आणि तो सगळ्यांनी तसाच वापरावा असं मला फार वाटतं. नवऱ्याला ऑफिसने सातच दिवस सुट्टी दिली होती (माझी २६ आठवडे, त्याची ७ दिवस, खाजगी कंपन्यांना बापाच्या रजेचा कायदाच नाही, हे फार चुकीचं आहे). तो रोज सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी मावशींशेजारी बसायचा. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी पाय, मग हात, पाचव्या दिवशी मावशी हात बांधून बाजूला बसल्या आणि त्याने पूर्ण केली. पाटावर बसून पायावर घेणं त्याला जमत नाही, तो गादीवर टॉवेल टाकून करतो, आंघोळ टबमध्ये. तेल आधी मनगटावर लावून बघतो, सुरुवात तळपायापासून करतो, आणि चिऊ रडली की हात तसाच पोटावर ठेवून थांबतो. आता तिला ती वाटी दिसली तरी पाय झाडायला लागते.

ज्यांना मावशींचा नंबर हवाय त्यांनी मला विचारा, त्यांना विचारून देईन. सातव्या महिन्यातच बोलून ठेवा, दिवाळी आणि लग्नसराईत त्या गावी जातात. आणि दोन-तीन जुन्या मऊ सुती साड्या धुऊन बाजूला काढून ठेवा, आमच्याकडे ऐनवेळी एकपण सापडत नव्हती, सासूबाईंनी त्यांची नेसायची आणून दिली.